फाइंड आउट

"'फाइंड आउट' म्हणजे पत्ता लागणं, छडा लावणं," इंग्रजीच्या बाईंनी फोनवर समजावलं. "हं, कर बघू वाक्य!"

दुपारच्या शिकवणीची ही शिष्या नेहमी स्वयंपाकघरातला नळ सोडून ठेवायची आणि दबक्या आवाजात बोलायची. आजही तसंच पुटपुटली, "इफ माय हजबंड फाइंड्स आउट, ही विल किल मी."

"शाबास! एक चूक काढून दाखवावी कुणी!" बाई हरखून गेल्या. पोरगी चांगलीच तयार झाली होती.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी बाईंनी फोन लावला. आज नळाचा आवाज येत नव्हता.



"मॅडम, शिकवणी आता पुरे," पलीकडून एक पुरुष शांतपणे म्हणाला. "कालचा शब्द तिला नीट समजलाय."