तेरावी खुर्ची

दहा जणांचे पाय धुऊन झाले तेव्हा व्हर्निटाचे गुडघे बोलायला लागले होते. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, येशूने बारा शिष्यांचे धुतले तसे, पाळकाने म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे, ही अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या या चर्चची जुनी रीत. पाळक या वर्षी नवी, व्हर्निटा. काळी, आणि त्यात बाई. समोरचे बाराही गोरे.

अकराव्या मिसेस टॅडलॉक. नव्वदीतले सुजलेले पाय त्यांनी पाण्याच्या टबात सोडले आणि सुखाने डोळे मिटले.

"मी लहान असताना आमच्याकडे कामाला ओडेसा होती ना, ती अस्संच धुवायची गं. तुम्हा लोकांच्या हाताची ऊबच वेगळी, बाळ."

म्हातारीने कौतुकच केलं होतं. आता कौतुकावर रागवायचं तरी कसं! व्हर्निटाने बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसून कोरड्या केल्या.

मागच्या वर्षी हॉलकम पाळक असेच वाकले, तर बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले होते. केवढा नम्र माणूस! आज सगळ्यांचे डोळे ठणठणीत कोरडे. ही वाकली, त्यात नवल ते काय?

शेवटचा डेल मॅकवर्टर. "गुदगुल्या नका करू हं, पाळकबाई," म्हणाला आणि स्वतःच हसला.

त्याचे पाय पुसून व्हर्निटा तेराव्या खुर्चीत बसली. बूट काढले, मोजे काढले. बाराव्याने उठून पाळकाचे पाय धुवायचे, तेव्हा रीत पुरी होते. आठ महिने ती या घटकेची वाट बघत होती. यांच्यातलं कोणी एकदा आपल्यापुढे वाकलं, की आपण यांच्या पाळक. नाहीतर नुसती कामाची बाई.

डेलने मोजे चढवले, बायकोला खुणावलं आणि चालू पडला. मुद्दाम नव्हे हो, त्याच्या डोक्यातच आलं नाही. ऑर्गन वाजवणारीने वही मिटली. लोक खुर्च्या आवरायला लागले. भरल्या चर्चमध्ये व्हर्निटाला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

मिसेस टॅडलॉक काठी टेकत जवळ आल्या.

"अगं बाई, बूट चावतात का तुला?"

"नाही. माझे पाय धुवायचे राहिलेत."

म्हातारीने टबाकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे.

"अगं पण बाळ," तिने अगदी काळजीने विचारलं, "ते धुणार कोण?"