दोन सरींची माळ

विसावा मणी पांढरा निघाला. जागृतीने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पांढराच. तिथे लाल हवा होता.

तासाभरात कळंबच्या सभागृहात तिचं प्रदर्शन उघडणार होतं. विषय होता सजीवांची जनुकं बदलण्याचा. माणसाच्या छातीत बसेल असं डुकराचं हृदय तिने मातीत घडवलं होतं. कीड न लागणारं वांगं कापडात शिवलं होतं. काचेच्या माशाच्या पोटात दिवा लावला होता. मधला खिळा तेवढा या माळेसाठी रिकामा होता. माळ कशेळ्याच्या वरच्या वाडीतल्या भागीने ओवली होती. भागीचा मणी कधी चुकत नसे.

माळेला दोन सरी होत्या. एक आईकडून आलेलं जनुक, एक बापाकडून आलेलं. प्रत्येकीत चार रंगांचे चारशे चव्वेचाळीस मणी. रक्त कसं घडायचं ते त्या क्रमावर ठरायचं. ही माळ भागीच्या आठ वर्षांच्या लेकीच्या, चिमाच्या, रक्ताची होती. चिमाच्या दोन्ही सरींत विसावा मणी लाल होता. तेवढ्यानेच तिच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकायच्या आणि हाडं ठणकायची. जागृतीने भागीच्या घरच्या ओट्यावर मणी मांडून हे भागीला समजावलं होतं.

"आन माज्या अंगात?" भागीने तेव्हा एवढंच विचारलं होतं.

"तुमच्या एकाच सरीत लाल आहे."

आता सभागृहात भागी शेजारीच उभी होती. जागृतीने कात्री उचलली. "भागीताई, आईच्या सरीत एक मणी चुकलाय. वीस मणी उतरवू, लगेच होईल."

भागीने तिचं मनगट धरलं. "चुकला नाय. ती सर माजी हाय. माज्याकडून पोरीला गेलेला मणी मी बदलला."

"अहो, पण चिमाच्या रक्तात लालच आहे. माळ खोटी ठरेल."

"तुज्या माशाच्या पोटात दिवा पेटतो, तो चालतो. माजा एक मणी नाय चालत?"

जागृतीला हसू आलं, पण तिने हेका सोडला नाही. तिने दुसरी सर मोजली. तिथला विसावा मणी लालच होता.

"बदलायचे तर दोन्ही बदलायचे. हे अर्धवटच झालं."

भागीने माळ तिच्या हातातून काढून घेतली. गुंता झटकला, मधल्या खिळ्याला ती अडकवली आणि मागे वळली.

"अर्धवट कसं गं, बाय? एक सर बरी असली तरी पोर बरी ऱ्हाते. मी नाय का उबी तुज्यासमोर?"