अप्पांची संख्या

व्हेंटिलेटरच्या पडद्यावर साठ अंकी संख्या स्थिर होती. दोन मूळ संख्यांचा गुणाकार म्हणून अप्पांनी ती शुद्धीत असतानाच भरून ठेवली होती. त्यातली एक कालिंदीकडे, दुसरी दादाकडे. दोघांनीही आपापली घातली आणि गुणाकार पडद्यावरच्या संख्येशी जुळला, तरच यंत्र बंद करता येईल, असा आता कायदाच होता.

"मी नाही देणार," दादा फोनवर ओरडला. "तुलाच घाई झालीये!"

"सात महिने त्यांच्या उशाशी मी बसलेय!" तिने फोन बंद केला.

आणि तिला सुचलं. गुणाकार तर समोरच आहे. त्याला आपल्या संख्येने भागलं, की दादाची हाती! गणिताच्या मास्तरांची लेक ती. तिने फोनवर भागाकार केला.

बाकी उरली.

"आधी ताळा करून बघावा," अप्पा वर्गात म्हणायचे. तिने ताळा केला. बाकी तीच. शेवटी तिने ती अख्खी संख्याच तपासायला टाकली. उत्तर आलं: मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. म्हणजे ती दोन मूळ संख्यांचा गुणाकार नव्हतीच; दोघांनी आपापली घातली असती, तरी यंत्र बंद झालं नसतं.

कालिंदीने अप्पांच्या कपाळावरून हात फिरवला आणि पुन्हा फोन लावला.

"दादा, भांडू नकोस, नुसता ये. अप्पांनी हे आपल्यावर सोपवलंच नव्हतं रे."