सारवलेला वाफा

बँकेच्या मॅडमनी गांडूळखताचा वाफा खुरप्याने उकरला आणि वर पाहिलं. "वैजयंताताई, गांडुळं कुठायत?"

वैजयंता लगबगीने वाफ्याजवळ आली. परवा ती खत विकायला प्रदर्शनाला निघाली, तेव्हा मूठभर उचललं तरी बोटांत वळवळत होती. आज नुकतीच परतली, तर एकही दिसेना. गांडुळंच मेली असतील तर नव्या शेडसाठी मागितलेलं कर्ज कोण देणार? पुन्हा दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला जाणं आलं.

मॅडमनी वरचा थर चिमटीत धरला. "हे काय?"

"शेण," जाऊबाई ओसरीवरून थाटात म्हणाल्या. "बँकेची माणसं येणार म्हणून काल अंगण सारवलं, तसा वाफाही सारवला. चांगला चार बोटं थर दिला. रांगोळी तेवढी राहिली."

"अहो अक्का, ताजं शेण तापतं की!" वैजयंता ओरडली.

तिने थेट वाफ्यात हात घातला. वरचं खत गरम लागलं. मग कोपरापर्यंत हात खुपसला. तळाशी गारवा होता. तिथली मूठ भरून वर काढली, तर बोटांच्या फटींतून गांडुळं लोंबत होती, चांगली जाडजूड, चिडल्यासारखी वळवळत.

"खाली पळाली होती होय!" मॅडम हसल्या. "चला, शेडची जागा दाखवा. माझ्याकडून मंजुरी समजा."

वैजयंता पुन्हा वाफ्यावर वाकली. हातातली गांडुळं तिने अलगद गारव्यात सोडली.

"पाहुणचार सोसला नाही मेल्यांना," जाऊबाई पुटपुटल्या आणि शेण काढायला घमेलं घेऊन आल्या.