डावा डोळा

एकशे बारावं मूल खुर्चीवर येऊन बसलं, तेव्हा डोळे तपासणाऱ्या बाईंचा घसा पार बसला होता. पायांचे तर तुकडे पडले होते. भिंतीवरच्या तक्त्याजवळ उभं राहणं आता होईना, म्हणून त्यांनी अक्षरं दाखवायची पट्टी वर्गशिक्षिकेच्या हाती दिली आणि त्या मुलीशेजारी स्टूल ओढून बसल्या.

"डावा झाक. वाच."

नऊ वर्षांच्या त्या मुलीने घडाघडा वाचलं.

"आता उजवा झाक."

तिने तळहात ठेवला आणि शेवटची ओळसुद्धा न अडखळता वाचली. बाई पुढचं नाव पुकारणार, तेवढ्यात त्यांना दिसलं, मुलीच्या बोटांत फट होती. बाईंनी तिचा हात बाजूला केला आणि आपला तळहात तिच्या उजव्या डोळ्यावर घट्ट धरला.

मुलगी मान पुढे काढून बघू लागली.

"वाच की गं. सगळ्यात वरचं, मोठं अक्षर."

"तक्ता कुठंय?"

"अगं, मग सांगितलं का नाहीस कधी?"

मुलीला नवल वाटलं. "या डोळ्याने पण बघायचं असतं?"

बाईंनी फाइल उघडली. मागच्या वर्षीचं कार्ड होतं, त्याच्या आधीच्या वर्षीचंही. 'दोन्ही डोळे उत्तम.' खाली घाईघाईची सही. बाईंचीच. तेव्हा त्या तक्त्याजवळ उभ्या होत्या. तिथून बोटं दिसत नाहीत. लहानपणीच सापडलेला असा आळशी डोळा, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून, कामाला लावता येतो. जितका उशीर, तितका तो हट्टाला पेटतो. हे त्या स्वतःच दर वर्षी शिक्षकांना सांगत आल्या होत्या.

त्यांनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. "आईला म्हणावं, उद्याच जायचं. उद्याच हं."

मुलगी चिठ्ठीची घडी घालत निघून गेली.

"आटपू या ना, मॅडम?" वर्गशिक्षिकेने घड्याळ पाहिलं. "अठराच राहिलेत."

"मघाचे सगळे परत बोलवा."

"एकशे अकरा? अहो, जीव जाईल तुमचा!"

बाईंनी दोन्ही तळहात मांडीवर घासून कोरडे केले.

जरा वेळाने पहिलीतली एक चिमुरडी दारातून डोकावली. "आमचं तर झालं होतं ना?"

"नाही झालं, बाळा," बाईंनी खुर्ची थोपटली. "ये. आज तुझा डोळा मी झाकते."