गिरणीजवळची पेटी

“मोबाइल बाहेर,” अध्यक्ष गजेंद्रभाऊंनी फर्मावलं, आणि समाज मंडळाच्या पाचही पदाधिकाऱ्यांनी आपापले फोन निमूट आनंदा शिपायाच्या टोपलीत टाकले. सगळे आत गेले. काचेचं दार बंद झालं. गोडादऱ्याच्या उन्हात एसीशिवाय समाजसेवा गजेंद्रभाऊंना झेपत नसे.

“आनंदाला दाराशीच बसू द्यायचं?” सचिव मधुकरकाकांनी विचारलं.

“बसू द्या. त्याच्या कानाशी ढोल बडवला तरी त्याला पत्ता लागायचा नाही.”

आनंदाने तीस वर्षं कापड विणायच्या लूमवर काढली होती. कान गेले तेव्हा मालकाने त्याला घरी बसवलं आणि समाज मंडळाने शिपाई म्हणून ठेवून घेतलं. हा उपकार गजेंद्रभाऊ प्रत्येक भाषणात सांगत. त्यांचं स्वतःचं पर्वत पाटिया भागात साड्यांचं दुकान होतं. लूमशी त्यांचा संबंध तयार कापडापुरता.

आनंदाची मुलगी तेजस्विनी बारावी सायन्सला वर्गात पहिली आली होती. ती आणि तिची मैत्रीण अमृता मिळून एक ब्लॉग चालवत, ‘गोडादऱ्याच्या पोरी’ नावाचा. कुणाला शाळेतून काढलं, कुणाचं लग्न उरकलं, ते त्या मुलींच्याच शब्दांत, त्यांना विचारून लिहायच्या. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी पिठाच्या गिरणीजवळ चिठ्ठ्यांची पेटी म्हणून बिस्किटांचा एक डबा टांगला होता. दळण टाकायला आलेली बाई जाता जाता चिठ्ठीही टाकून जायची.

मे महिन्यापासून त्या पेटीत एक वेगळीच चिठ्ठी यायला लागली. कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली, अक्षरं पट्टी लावून आखल्यासारखी, म्हणजे हस्ताक्षर ओळखू येऊ नये. आणि तिच्यात बंद खोलीतली बैठक, शब्दन् शब्द.

‘दहावीनंतर मुलीला कॉलेजात पाठवायचं नाही. लग्नाआधी मुलीच्या हाती मोबाइल नको. जो ऐकणार नाही त्याच्या घरी लग्नाला, मयताला कुणी जाणार नाही.’ खाली गजेंद्रभाऊंचं वाक्य होतं: ‘पोरी शिकल्या की उलटून बोलतात.’

तेजस्विनीने ते जसंच्या तसं ब्लॉगवर टाकलं. खाली एवढंच लिहिलं: ‘शिकण्याचा आणि बोलण्याचा हक्क आम्हाला संविधानाने दिलाय, मंडळाने नाही. त्यामुळे तो मंडळाला काढून घेता येणार नाही.’

मंडळात एकच खळबळ उडाली. फोन बाहेर, दार बंद, तरी फुटलं कसं? पाचही जणांनी कानबाई देवीची शपथ घेतली आणि पाचही जण एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. शेवटी तेजस्विनीला बोलावणं गेलं.

“तुला आतलं सांगतं कोण?”

“कानबाईची आण, मला ठाऊक नाही.”

ते खरंच होतं. पण तिच्या मनात एक नाव होतं. मधुकरकाका बँकेतून निवृत्त झालेले, आणि इतिवृत्तात रेघा मारायला त्यांच्या खिशात कायम एक पट्टी असायची. ते दिसले की ती मनातल्या मनात त्यांना नमस्कार करायची.

येत्या रविवारी समाजाच्या सभेत तो ठराव मंजूर झाला तर कॉलेज संपलं, आणि तिने ऐकलं नाही तर बापाची नोकरी संपली. तिला रात्रंदिवस तोच घोर लागला होता.

बापाशी बोलायचं तर समोर जाऊन बसावं लागे, मागून हाक मारण्यात अर्थ नव्हता. लहानपणी ती त्याचा डबा घेऊन कारखान्यात जायची. तिथल्या खडखडाटात स्वतःचं बोलणंही ऐकू यायचं नाही, पण बाप आणि त्याचे सोबती आपापल्या लूमवरून एकमेकांची थट्टा करत खिदळत असायचे. आता कारखाना गेला आणि ते हसूही गेलं.

“बापू, ठराव झाला तर मी काय करू?”

“तू लिखत ऱ्हाय,” आनंदा म्हणाला. “माले त काहीच ऐकू येस नही.”

तिला रागच आला. कॉलेजचा फॉर्म भरायला बसली, तर कंपासमधली पट्टीही जागेवर नव्हती.

रविवारी मंडळाच्या अंगणात दोनशे बाया आल्या. हातात ब्लॉगच्या झेरॉक्स. त्यांतल्या सुभद्राबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी नातीकडून वाचून घेऊन सगळं पाठ केलं होतं. गजेंद्रभाऊंसमोर उभं राहून त्यांनी त्यांचंच वाक्य त्यांना म्हणून दाखवलं.

“तुम्हीच बोललात ना, भाऊ? घ्या, आम्ही न शिकताच उलटून बोलतोय.”

ठरावाचा कागद आला तसा खिशात परत गेला.  तेजस्विनीच्या दोन बोटांनी टाइप केलेलं दोनशे तोंडांनी बोललं होतं.

श्रावणात कानबाईच्या उत्सवाला त्याच मंडळाने दोघी मुलींचा सत्कार केला. नारळ गजेंद्रभाऊंच्याच हातून मिळाला, हे बायांनी मुद्दाम ठरवलं होतं. तेजस्विनी आता कॉलेजात जात होती. ती मधुकरकाकांच्या पाया पडली.

“काका, तुमच्या चिठ्ठ्या नसत्या तर…”

“कसल्या चिठ्ठ्या?” काका ओशाळले. “पोरी, मी ठरावाच्या बाजूने हात वर केला होता. त्याची लाज वाटते मला.”

तेवढ्यात बँड सुरू झाला. तेजस्विनी अमृताच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “मग चिठ्ठ्या टाकत कोण होतं?”

“काय?” अमृताने कानामागे हात धरला. तिला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

चाळीस पावलांवर, फाटकाशी, आनंदा चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तो एकटक लेकीच्या हलत्या ओठांकडे पाहत होता. त्याने ट्रे खाली ठेवला, कारखान्यात हसायचा तसा हसला, आणि शर्टाच्या खिशातून तिच्या कंपासमधली पट्टी काढून उंच धरली.