मागची भिंत

"हळू उतरा जी," सीताबाई स्टूल धरून म्हणाली.

प्रेमदासजींनी बाबासाहेबांचा फोटो खिळ्यावरून काढला आणि दोन्ही हातांनी खाली तिच्याकडे दिला. घर बांधलं तेव्हापासून तो तिथून हलला नव्हता. सीताबाईने तो पदराने पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतंच, रोज पुसला जायचा.

"काऊन काढाचा पण? पोरगा सांगते अन् तुमी काढता!"

"अर्ध्या घंट्याचं काम आहे. त्याचे दोस्त राहतीन फोनवर."

"मंग दोस्तायले काय होते फोटोनं?"

याचं उत्तर प्रेमदासजींकडे होतं. पण ते बायकोला सांगायची त्यांची छाती होईना.

अंकितने डॅलसला घर घेतलं होतं. आज त्याची पार्टी. तिकडे शनिवारची संध्याकाळ, इकडे नालवाडीत रविवारची सकाळ. तिथली सगळी मराठी मंडळी जमणार, आणि आईबाबा व्हिडिओवर दिसणार. काल त्याने घसा खाकरत, आडवळणं घेत सांगितलं होतं, "बाबा, मागचा फोटो तेवढा काढून ठेवजा. अन् जय भीम नका म्हणू, नमस्कार म्हणा. इथले लोक चांगले आहेत, पण उगाच कशाला!"

प्रेमदासजी सेवानिवृत्त मास्तर. समाजशास्त्र शिकवण्यात जन्म गेला. जागतिकीकरण म्हणजे काय, हा प्रश्न त्यांचा लाडका. उत्तर ते स्वतः फळ्यावर लिहून द्यायचे: सगळं जग जवळ येऊन एका गावासारखं होणे. पोरं घडाघडा म्हणायची. त्यांचाच विद्यार्थी असलेला अंकितही म्हणायचा. तो परदेशी निघाला तेव्हा विहारात सर्वांसमोर मास्तर बोलून गेले होते, "विमान उडालं का जात खाली राह्यते!" काय टाळ्या पडल्या होत्या! पुढे अंकितने तिकडे आडनाव सोडून दिलं आणि दारावर पाटी लावली, अंकित प्रेमदास. त्या पाटीचा फोटो मास्तरांनी अर्ध्या नालवाडीला दाखवला होता. पोरानं बापाचं नाव लावलं, म्हणून.

आता भिंतीवरून काढलेला फोटो ठेवायचा कुठे? पलंगाखाली, असं ते म्हणायला गेले आणि सीताबाईने असं पाहिलं की पुढचा शब्द गिळावा लागला. शेवटी फोटो मांडीवर घेऊनच ती त्यांच्या शेजारी बसली. फोनमध्ये माणूस खांद्यापर्यंतच दिसतो, तेवढी सोय होती.

फोन लागला.

"नमस्कार," प्रेमदासजी म्हणाले. सकाळपासून घोकलेला शब्द नीट निघाला. अंकितच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याने फोन हातात धरून सगळं घर दाखवलं. स्वयंपाकघर, मागचं हिरवंगार अंगण, हसणारी माणसं. म्हाताऱ्याचं मन भरून आलं. एवढ्यासाठी एक फोटो अर्धा तास काढला तर कुठे बिघडलं?

तेवढ्यात चष्मा लावलेल्या एक बाई पुढे आल्या.

"ह्या मंदाबाई, माझ्या मित्राच्या आई," अंकित म्हणाला. "आपल्या वर्धेच्याच."

"सिंदी मेघेच्या!" मंदाबाई खुलून म्हणाल्या. "किती बरं वाटलं हो, एवढ्या दूर गावचं माणूस भेटलं! तुम्ही नालवाडीत कुठे राहता?"

"काकू, जेवून घ्या ना, गार होतंय," अंकित मध्येच बोलला.

पण मंदाबाई हलल्या नाहीत. त्यांनी डोळे बारीक करून फोनजवळ आणले. त्यांची नजर प्रेमदासजींच्या मागे गेली होती.

"भिंतीवरचा फोटो काढला वाटते," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "खूण दिसून राह्यली."

अंकित मोठ्याने हसला. "घरात रंगकाम सुरू आहे. हो ना बाबा?"

"हो," प्रेमदासजी म्हणाले. "रंगकाम."

सीताबाईच्या बांगड्या फोटोच्या काचेवर वाजल्या. मग अंकितला अचानक आवाज येईनासा झाला, आणि फोन बंद पडला.

प्रेमदासजी मागे वळले. घर बांधलं तेव्हा ही भिंत त्यांनी हौसेने निळी रंगवून घेतली होती. इतक्या वर्षांच्या अगरबत्ती-मेणबत्तीच्या धुराने तिचा मूळ रंग कोणता, हेही कळेनासं झालं होतं. फोटोमागचा तेवढा चौकोन मात्र पहिल्या दिवसासारखा निळाशार होता. वर खिळा तसाच. एवढा वेळ ते त्याच्यापुढे बसून नमस्कार म्हणत होते.

एका गावासारखं! हजारो पोरांकडून पाठ करून घेतलं, आणि मास्तरच नापास. गावात कोणाचं घर कोणत्या टोकाला, हे कोणाला ठाऊक नसतं? दारावरच्या त्या पाटीचा अर्थही त्यांना आज लागला. त्यांना रडावंसं वाटलं, पण बायकोसमोर तेही जमेना.

सीताबाई फोटो घेऊन उठली. "लावा जी आता जागेवर."

तेवढ्यात फोन वाजला. अंकितचा मेसेज होता. चुकलो म्हणत असेल बिचारा, प्रेमदासजींना वाटलं. शेवटी आपलंच पोर. त्यांनी घाईघाईने चष्मा शोधला.

'बाबा, ती भिंत रंगवून घ्या. पैसे मी पाठवतो.'

सीताबाई फोटो धरून उभीच होती. प्रेमदासजींनी एका बोटाने लिहिलं, 'कोणता रंग देऊ?'

उत्तर यायला वेळ लागला नाही.

'निळा सोडून कोणताही.'